बसक्या नाकाचा ट्रक

बाबा, काल तुमचा ट्रक पाहिला. मुलाने भाड्याने कॅसेट आणली होती. तोच सिनेमा, जपानात जाऊन काढलेला, जो तुम्ही अमरावतीत एकाच आठवड्यात तीनदा पाहिलात. तीनदा कशाला, असं आईने विचारलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "पडद्यावर गाडी कोनासाठी थांबते काय? एका खेपेले एकच गोष्ट दिसते."

तुम्ही कचेरीची जीप चालवायचात, आठवड्यातून दोनदा परतवाड्याला आणि तिथून वर मेळघाटात. त्याआधी लढाईत ब्रह्मदेशात फौजेचे ड्रायव्हर होतात. तिथे जपान्यांचा एक ट्रक आपल्या लोकांच्या हाती लागला आणि तो तुमच्याकडे आला. नाक बसकं, भिंतीवर आदळल्यासारखं. तीन महिने त्यातून तुम्ही तांदूळ वाहिला, जखमी माणसं वाहिली. पण फोटो नव्हता, कागद नव्हता, आणि कचेरीतल्या ड्रायव्हरांना पटत नव्हतं. तुम्ही दिसलात की कुणीतरी म्हणायचंच, "या जपानीबुवा! ट्रकच चालवला का इमानबी उडवलं?" तुम्ही हसायचात. घरी आल्यावर मात्र अर्धी भाकर ताटातच ठेवून उठायचात. मी अकरा वर्षांची होते, तरी मला ते कळायचं.

सिनेमात मला शेजारी बसवून तुम्ही गाड्या ओळखायला शिकवलंत. "गानं कानानं आयक, डोये मांगच्या रस्त्यावर ठेव." आरसा दाराजवळ नसेल, पार पुढे चाकावरच्या मडगार्डवर असेल, तर गाडी जपानी. मागचं दार उलटं उघडलं, तर ती जुनी जपानी क्राऊन मोटार. हिरो-हिरॉइन गळ्यात गळा घालून गात असत आणि आपण दोघं त्यांच्या खांद्यांवरून पलीकडची रहदारी बघत असू. दुसऱ्या खेपेला एका गाण्यात तुम्ही एकदम माझं मनगट धरलंत. "तोच! अजून जित्ता हाय!" मला काहीच दिसलं नव्हतं. तरी मी होकाराची मान हलवली.

तिसऱ्या खेपेला तुम्ही दोघा ड्रायव्हरकाकांना ओढून आणलंत. ते गाणं लागतं. तुम्ही खुर्चीतून अर्धे उठता. "आता पाहा, डावीकडून येते... हा! हा पाहा!" मागून कुणीतरी ओरडतं, "ओ भाऊ, खाली बसा!" आणि दोन क्षणांत सगळं संपतं. मध्यंतरात चहाच्या टपरीवर एक काका म्हणतात, "आमी तं बाईले पाहून राहिलो होतो, बावा. ट्रक कोन पाह्यते?" दुसरे माझ्याकडे वळतात. "पोरी, तू सांग. तुह्या बापाचा डोया आता म्हातारा झाला. होता काय बसक्या नाकाचा ट्रक?"

तुम्ही माझ्याकडे बघता. किती निर्धास्त बघता, बाबा.

आणि मी म्हणते, "ट्रक होता. पन नाक लांब होतं."

काका इतके हसले की बशीतला चहा सांडला. "घ्या जपानीबुवा! घरचाच साक्षीदार फुटला!" मला वाटलं, आता तुम्ही रागावणार. "नीट पाह्यलं का तुनं?" म्हणणार. तसं विचारलं असतंत तर मी तिथेच रडले असते आणि खरं बोलले असते. पण तुम्ही कप खाली ठेवलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि त्यांना म्हणालात, "माही पोरगी खोटं बोलत नाही. तिनं लांब पाह्यलं, तं लांबच असीन. मीच चुकलो."

त्यानंतर ब्रह्मदेशाचं नाव तुमच्या तोंडून कधी निघालं नाही. कचेरीत चिडवणंही थांबलं. चिडवायला काही उरलंच नव्हतं. पुढे अकोल्याला बदली झाली. तिथेही आपण सिनेमे पाहिले, पण तुम्ही हिरोकडेच बघत बसायचात.

काल मुलाने चित्र थांबवून दिलं. आता थांबवता येतं, बाबा. रस्ता, दोन-तीन मोटारी, मडगार्डवरचे आरसे, आणि डाव्या कोपऱ्यातून येणारा एक जुनाट ट्रक, अगदी बसक्या नाकाचा. मी पडद्याजवळ जाऊन त्यावर बोट ठेवलं. मुलगा म्हणाला, "हाच का आजोबांचा?" मी म्हटलं, "हाच. त्यांनी पाहताक्षणी ओळखला होता."

पुढचं मी त्याला सांगितलं नाही. तुमच्या मागे आईलाही कधी सांगितलं नाही. त्या दोन क्षणांत मी रस्त्याकडे पाहतच नव्हते. त्या बाईच्या हातात कागदाची लाल छत्री होती, तशी छत्री मी कधी पाहिली नव्हती, आणि तिसऱ्यांदाही मी तीच पाहत बसले होते. टपरीवर सगळे माझ्याकडे बघू लागले तेव्हा काहीतरी पक्कं सांगायला हवं, एवढंच मला कळलं. लांब नाक मी तिथल्या तिथे बनवलं, बाबा.