शेंड्या दिंद्रुडात जेवला

मु. पो. दिंद्रुड, तालुका माजलगाव
संक्रांतीनंतरचा कुठलातरी शुक्रवार, सन २००१

प्रिय मित्र पप्पूशेठ यास,

दिंद्रुडहून मन्मथचा रामराम, शरणार्थ आणि पुण्याकडं जे काय चालत असेल ते. इकडं सगळे खुशाल आहेत, म्हणजे म्हैस सोडून. (म्हशीचं पुढं सांगतो. नाही सांगितलं तर बरी झाली समज.) तुझी तब्येत कशी आहे? भोसरीचं पाणी मानवलं का? खोलीवर तो घोरणारा जालन्याचा गडी अजून आहे का त्याला दुसऱ्या पाळीत ढकलला? पत्र लिहिण्यास कारण की, असं म्हणून पुढं कारण लिहायचं असतं, गुरुजींनी तेवढं शिकवलतं. पण कारण मी खाली कुठंतरी ठेवलं आहे. सापडलं की वाच.

आधी माझं. तलवाड्याला मी त्या व्हिडिओवाल्याच्या तंबूत कामाला होतो. तंबू वाऱ्यानं गेला. (खरंच गेला, दोन शेतं ओलांडून बाभळीवर बसला. उतरवायला मीच चढलो, तेव्हा मालकाला कळलं की मला उंचावर भ्या वाटत नाही. तोवर मलाही माहीत नव्हतं.) ही कीर्ती ऐकून आपल्या राजेश्वरअप्पांनी मला बोलावून घेतलं. अप्पांनी कापडाच्या दुकानावर खळ्याएवढी छत्री बसवून गावात केबल दिली आहे. वायर ओढायला, खांबावर चढायला आणि क्रिकेट चालू असताना चित्र गेलं तर शिव्या खायला मी आहे. आमच्या बाबांना वाटतं, पोरगं मार्गाला लागलं. मार्ग जमिनीपासून लई वर आहे, हे त्यांना कोण सांगणार.

तर मूळ गोष्ट शेंड्याची. तुला आठवण करून द्यायला नको, पण लिहायला बसलोय तर लिहितो. आमच्या किराणा दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची, त्यात एकदा औरंगाबादच्या गठ्ठ्यातून ते जाडजूड जपानी चित्रांचं पुस्तक आलतं. आपल्या हाती लागेपर्यंत बाबांनी काही पानं पुड्यांना लावलीसुद्धा. एका पानाच्या मागं आपण पार दगडाबाईच्या घरी गेलतो, तर तिनं हळद डब्यात ओतून पान चुलीत घातलं होतं आणि वर आपल्यालाच विचारलं, "कावून रे, हळद परत पायजे का?" अक्षर एक कळत नव्हतं. पण काय ते डोळे, बशीएवढे! आणि केस कसे, तुरीच्या खुंटांसारखे उभे! म्हणून आपण त्याचं नाव शेंड्या ठेवलं. तो आणि त्याचा लोखंडी रेडा. पहिल्याच पानावर टेकडीवर दगडांचा ढीग, त्यात शेंड्याचा भाला रोवलेला, सगळे रडत उभे. मग पानं उलटत जावीत तसा शेंड्या रक्तबंबाळ पडलेला, मग उठलेला, मग लढलेला. जखमा भरत जातात, फाटके कपडे सांधत जातात, आणि सगळ्यात शेवटच्या पानावर शेंड्या आईपुढं पाटावर बसून भात खातोय. आधी गाल लाल व्हायचा, मग मारणाऱ्याचा हात वर जायचा, त्याचं आपल्याला काही वाटलं नाही. जपानची तऱ्हाच तशी असेल, असं आपण धरून चाललो. तूच म्हणालतास, "लई भारी लोक हायेत बे, आधी मरून घेत्यात, मग निवांत जेवत्यात."

रविवारी सकाळी तुमच्या घरच्या टीव्हीवर जपानी कार्टून लागायचं, तेव्हा अर्धं गाव तुमच्या ओसरीवर असायचं. पण मिसरूड फुटल्यावर बाकीची पोरं सुधारली, आपण दोघं राहिलो. मग लोकांनी काय काय म्हणावं! घोड्याएवढे झाले आन् कार्टून बघत्यात. तरी मी सुटलो, कारण मी गावात नसायचोच. तू सापडलास. राधाकिशनकाकांनी तुला आडतीच्या दुकानाच्या भिंतीवर त्यांचं चित्र काढायला सांगितलं. (तुला सांगावंच कावून, हा माझा प्रश्न आजही आहे. माजलगावचा पेंटर होता की.) आणि तू आपल्या बापाला बशीएवढे डोळे, मिरचीच्या बुडख्याएवढं नाक आणि टोपीतून बाहेर आलेले उभे केस काढलेस. कापसाचा हंगाम, गाड्यांची रांग, येईल तो गाडीवाला भिंतीकडं बघून काकांकडं बघायचा. काकांनी हमालांच्या देखत तुझ्या कानाखाली काढली. "डोळे मोठे काढून पोट भरतं का बे?" त्याच दुपारी तू पुण्याच्या गाडीत बसलास. कंडक्टरनं घंटी मारली, तेव्हा आपल्याला सुचलं की पुस्तक राहिलं, आणि खिडकीतूनच ते मधून फाडलं. दगडांच्या ढिगाचं अर्धं मला, भाताचं अर्धं तुला. त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या.

आता बघ बे जमाना. दसऱ्यापासून केबलवर रोज संध्याकाळी शेंड्या लागतोय! तोच, आपलाच, रेड्यासकट, आणि हिंदी बोलतोय. टीव्हीवर त्याचं नाव कायतरी दुसरंच आहे, पण दिंद्रुडात शेंड्याच चालतं, कारण पहिल्या दिवशी मी चौकात तसं ओरडलो. बिस्किटाच्या पुड्यात त्याची चित्रं निघतात, पोरं ती कपाळावर चिकटवून शाळेत जातात. धुळाजी न्हाव्यानं आरशाला त्याचा फोटो लावलाय आणि साबणानं केस उभे करून देतो. (त्यानं एका नवरदेवाचे केले, ते अक्षता पडेपर्यंत बसले नाहीत. सासऱ्यानं अक्षता टाकल्या त्या तिथंच अडकल्या.) आणि ज्या लोकांनी आपल्याला घोडे म्हटलं ते मला हॉटेलात बोलावून भजी चारतात आणि विचारतात, "मन्मथराव, पुढं काय होतं हो?" माझ्याकडं पुस्तक, माझ्याकडं ज्ञान. मी सांगितलं, काळजी करू नका, किती बी मार खाऊ द्या, शेवटी पोरगं घरी येऊन जेवतंय.

हे विचारणाऱ्यांत तुझी आई होती. केसरकाकूंनी केबल घेतली ती वैष्णवीसाठी, (तुझी बहीण आता चौथीत आहे आणि गुरुजींना शेंड्यासारखी कंबरेवर हात ठेवून उत्तर देते) पण बघतात त्याच. पहिल्याच आठवड्यात शेंड्या आईला न सांगता घरातून निघाला, तेव्हा काकूंनी पदर तोंडाला लावला. मी तेव्हा वायर सारखी करायला तिथंच होतो. मला म्हणाल्या, "मन्मथा, येतंय का रे लेकरू माघारी?" मी म्हटलं, "येतंय की काकू, जेवायलाच येतंय. आपल्याकडं पुस्तक हाय." त्या दिवसापासून मी गल्लीतून गेलो की त्या दारातून विचारायच्या, "नक्की ना रे?" आणि मी खांबावरून सांगायचो, नक्की. पप्पू, त्या शेंड्याचं विचारत नव्हत्या, हे खांबावर बसलेल्या माणसालाही कळत होतं.

मग आले सुंदररावतात्या. म्हणजे ते निजामाच्या वेळचे कचेरीतले म्हातारे, ज्यांच्या पेरूवरून मी वायर नेली. भांडायला आले आणि माझ्यापुढं आपलं अर्धं पुस्तक उघडं होतं ते त्यांनी उचललं. उचललं ते उलटंच धरलं. मी म्हटलं, "तात्या, इकडून." ते म्हणाले, "इकडून कशाला बे? उर्दू किताब अशीच उघडती, उजवीकडनं. सारी उमर वाचली म्या. ह्ये बघ, आधी हात उचलला, मग गाल लाल झाला." मी म्हटलं, जपानची तऱ्हा. तर तात्या एकेक पान माझ्या नाकासमोर धरायला लागले. "जखमा वाढत चालल्यात, दिसतंय का? जखमा आपोआप वाढत्यात, बाबा. कमी व्हायला दवाखाना लागतो. ह्याच्यात कुठं दवाखाना हाय?" मी सगळं अर्धं पुस्तक शोधलं. दवाखाना नव्हता. तात्यांनी दगडांच्या ढिगापाशी येऊन पुस्तक मिटलं आणि टोपी काढली. "गेलं बिचारं," म्हणाले. पेरूचं भांडण विसरूनच गेले.

आता माझी हालत काय झाली असेल सांग. भात पहिला, दगड शेवटी! आणि शेवटचा भाग शनिवारी, म्हणजे दोनच दिवस हातात. गावाचं काही नाही, गाव चार दिवस रडेल आणि दुसरं कार्टून धरेल. पण काकू? त्यांना मी खांबावरून नक्की म्हटलं होतं. सांगायला दोनदा गेलो, दोन्हीदा चहा पिऊन आलो. शेवटी ठरवलं की शनिवारी ऐन वेळी तुमच्या गल्लीची वायर काढायची, आणि मग म्हणायचं, काकू, तुमचं हुकलं, पण जेवला हो. तुमच्या गल्लीत टीव्ही तुमचा एकट्याचा, बाकी सगळी गोदामं. एका घराचं चित्र जाईल, बस.

अप्पांच्या गच्चीवरून दोन वायरी निघतात, एक तुमच्या गल्लीची आणि एक बाकी गावाची. मी वर चढलो, पक्कड लावली, तेवढ्यात खालून एका पोरानं विचारलं की लोखंडी रेडा पाण्यात गंजत कसा नाही. आता तूच सांग, ह्याला उत्तर न देता माणूस राहील का? मी त्याला तेलाचं आणि वंगणाचं सगळं सांगत सांगत वायर तोडली. तोडल्यावर गावातून जो आवाज आला तो एका घराचा नव्हता. शेंड्या कड्याच्या टोकावर उभा, मागं धूर, आणि अख्ख्या दिंद्रुडाचं चित्र गेलं. फक्त तुमच्या घरचं राहिलं.

मी कसा उतरलो मला माहीत नाही. जोडायला गेलो तर हातातून पक्कड खाली, पक्कड अप्पांच्या कापडाच्या ताग्यावर, अप्पा माझ्यावर. तोवर गाव तुमच्या घराकडं निघालं होतं, पोरं पुढं, धुळाजी साबणाच्या हातानं, बाया, म्हातारे. तात्यासुद्धा. मी सगळ्यांच्या मागं. पोचलो तर भाग संपला होता. काकू दारात आल्या. डोळे लाल, पदर ओला, म्हणजे त्यांनी सगळं बघितलं होतं. पोरं एकदमच ओरडली, "काकू, काय झालं? शेंड्याचं काय झालं?" काकूंनी गर्दीतून नेमकं माझ्याकडं बघितलं. मी चपलेकडं बघायला लागलो.

"काय व्हायचंय," काकू म्हणाल्या. "आलं की घरी. आईनं वाढलं, जेवलं, झोपलं."

वैष्णवी आईकडं बघतच राहिली. पोरांचा गलका सुरू होणार तेवढ्यात आतून, पेपरच्या आडून, जो पेपर राधाकिशनकाका दसऱ्यापासून रोज त्याच वेळी टीव्हीसमोर बसून वाचतात, त्या पेपरच्या आडून आवाज आला, "दोनदा भात घेतला."

बस. गाव नाचत घरी गेलं. तात्यांनी तोंड उघडलं, काकूंकडं बघितलं, आणि टोपी नीट करून म्हणाले, "वरन बी घेतलं असंल." खरी गंमत पुढं. वडवणीच्या आठवडी बाजारात वडवणीची पोरं म्हणाली की शेंड्या मेला, आम्ही डोळ्यानं बघितला. आपली पोरं ऐकतात होय! म्हणाली, तुमच्या केबलला खराबी हाय, आमच्याकडं जेवला, दोनदा. वांग्यांच्या ढिगाऱ्यात मारामारी झाली, धुळाजीचा एक दात हलतोय. राधाकिशनकाकांच्या घरी विचारा म्हणतात सगळे. आणि येतात विचारायला! येणाऱ्या पोरांना काका आडतीच्या भिंतीवरचं चित्रही दाखवतात. ते चित्र अजून आहे, पप्पू. दोन दिवाळ्या दुकानाला चुना दिला, दोन्हीदा तेवढा चौकोन सोडून.

एवढंच लिहायचं होतं. वडीलधाऱ्यांना नमस्कार लिहिणार होतो, पण तुझे वडीलधारे सगळे इकडंच आहेत, त्यांना मीच करतो.

तुझा, सध्या जमिनीवर असलेला,
मन्मथ

ता.क. म्हैस बरी झाली.

दुसरा ता.क. अप्पांनी मला काढलं नाही. गावात दुसरं कोणी चढत नाही.

तिसरा ता.क. कारण सापडलं. पाडव्यापासून शेंड्या पुन्हा पहिल्यापासून लागणार आहे, अशी जाहिरात रोज येते. म्हणजे आज ना उद्या अख्खं गाव शेवटचा भाग बघणार, आणि मी प्रत्येक वेळी वायर तोडू शकत नाही. काकूंचा शब्द खोटा पडायच्या आत तुझं अर्धं पुस्तक घेऊन ये. त्यातलं भाताचं पान पोरांना दाखवायचं आहे. उजवीकडून वाचायचं का डावीकडून, ते आपण ठरवू, आपण लहानपणापासूनचे जाणकार आहोत. आलास की आधी जेवून घे. चुना न दिलेल्या चौकोनावर मग बोलता येईल.

शेवटचा ता.क. मी हे पत्र लिहितोय हे काकांना माहीत नाही, असं मी लिहिणार होतो. पण पाकिटावरचं अक्षर माझं नाही, हे तुला फोडायच्या आधीच कळलं असेल.