खालून कापलेली बातमी

पाचोड, एकादशी

प्रिय बन्सी,

तुझं पाकीट पोचलं. आत अंक एक, चिठ्ठी अर्ध्या ओळीची. तिकीट कमी लावलेलं, म्हणून दंडाचे साठ पैसे मी भरले. औरंगपुऱ्यात पंख्याखाली बसणाऱ्या पत्रकाराला बहिणीच्या पाकिटाचं वजन करायला सवड नसते, हे समजलं.

अंक देवापुढं ठेवून उघडला, तेच चुकलं. ‘तालुक्याच्या खो-खो स्पर्धा उत्साहात.’ पुढं सभापती, त्यांचे हार, त्यांचं भाषण. ढाल कुणी जिंकली त्याचा पत्ता नाही. वाचणाऱ्याला वाटावं, सभापतीच धोतर खोचून पळाले. तुमचा फोटोवाला दोनदा पोहे खाऊन पोरींना म्हणाला, “जरा बाजूला व्हा, साहेबांवर सावली पडते.”

ढाल आपल्या गावच्या पोरींनी आणली, बन्सी. सोनाजी मेंढपाळाची आवडा, नववीतली, शेवटच्या डावात एकटी उरली आणि शिट्टी होईपर्यंत कुणाच्या हाती लागली नाही. मी ते लिहिलं होतं, पण तुझ्या शिकवणीनं: “अक्का, पाहुणे आधी, खेळाडू मागून, म्हणजे बातमी लागते.” जागा कमी पडली की तुम्ही बातमी खालून कापता, हे मात्र तू पोटात ठेवलंस. लई हुशार धंदा तुमचा.

एवढं खरडायचं कारण ऐक. आवडाला बघून पाहुणे गेलेत. कळप घेऊन निघायच्या आधी सोनाजी सुपारी फोडणार. मी भांडायला गेले, तर म्हणाला, “वैनी, पोरगी पळती म्हणून भावकी हसती मला. पेपरात नाव दाखवा, त्यांची तोंडं बंद व्हतील. मग ठिवतो तुमच्याकडं, शिकवा.” तुझ्या भरवशावर मी हो म्हणून बसले. अंक आला तसा त्याला वाचून दाखवला. आता नाव येईल, आता येईल म्हणून तो शेवटपर्यंत उकिडवा बसून होता. मग पटका सारखा केला आणि म्हणाला, “माझी पोरगी सभापतीची नाय, वैनी.”

तरी पुढच्या बाजारापर्यंत थांबतो म्हणालाय, आणि तो शब्दाचा माणूस आहे, तुमच्यातला नाही. सोबत बातमी पुन्हा लिहून पाठवते. पहिला शब्द आवडा, पाहुणे सगळे तळाला. खालून हवं तेवढं काप. नाथमहाराजांना नारळ बोलले आहे, पण छापखाना काही त्यांच्या हाती नाही. कोणत्या दिवशी लागेल ते उलट टपाली कळव, आणि तिकीट पुरतं लाव.

तुझीच,
वच्छलाअक्का