शेजारच्या देशातली रांग

सर, शेजारच्या एका देशातलं सरकार पुन्हा पडलंय आणि संपादकांना उद्या माझ्याकडून त्यावर हसवणूक हवी आहे. कागद पुढे ओढला आणि तुम्ही आठवलात. तुम्ही आता आहात तिकडे टपाल जात नाही, म्हणून मोकळेपणी लिहितो.

पांढरकवड्याच्या शाळेत तुम्ही नागरिकशास्त्र शिकवायचात. शेजारी देशांचा धडा आला की पुस्तक मिटायचात. "शेजाऱ्याच्या घरात धाक नसला त चोर तिथंच थांबते का बे? भिंत ओलांडून तुमच्या कोठ्यात येते. मंग तुमचा बाप वखर सोडून काठी घेऊन बसते, अन् वावर पडीक राह्यते. देशाचंही असंच."

मी त्यातलं हसण्यापुरतंच शिकलो. पुढे कापसाचे ते वाईट दिवस आले, तेव्हा मी यवतमाळच्या एका दैनिकात सदर लिहीत होतो. शेजारच्या देशात लोक पिठासाठी कसे रांगा लावतात आणि तिथला साहेब ओळखीच्याला मागच्या दाराने कसा आत घेतो, यावर एक झकास लेख पाडला. त्याच आठवड्यात तुम्ही सरकारी कापूस खरेदी केंद्राबाहेर दिसलात. निवृत्तीनंतर घरची शेती तुम्हीच पाहायचात. रांगेतल्या गाडीवर, कापसाच्या ढिगावर बसून तुम्ही माझाच लेख वाचताय. तिसरा दिवस आहे, बैल सोडलेले, भाकरीचं फडकं जुवाला बांधलेलं.

"या, लेखक," तुम्ही म्हणता. "लय हासलो. पण तिकडची रांग तुले इतक्या दुरून दिसली, अन् हे नाही दिसून राह्यली?"

"लिहितो ना सर, पुढच्या आठवड्यात."

"लिही. आपल्या इथं मागचं दार कोणासाठी उघडते, तेही लिही. नाहीतर उद्या शेजारी आपल्यावर लेख लिहीन."

मी लिहिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, घाबरला. नंतर भेटायचात तेव्हा "वाचतो तुझे लेख" एवढंच म्हणायचात. चांगले असतात, हे म्हणणं मात्र सोडलंत.

मी घाबरलो नव्हतो, सर. त्या दिवशी मी बातमीसाठी आलोच नव्हतो. कापसाची प्रत ठरवणाऱ्या साहेबाला भेटायला आलो होतो. दुपारी मागच्या फाटकातून एक गाडी आत गेली, रांगेत आरडाओरडा झाला, तुम्हीही उभं राहून पाहिलंत. ताडपत्री झाकलेली होती, म्हणून ओळखू आली नाही. ती आमच्या घरची होती. तुम्ही आणखी दोन दिवस तिथेच होतात.

उद्याच्या लेखात तो मागच्या दाराचा विनोद पुन्हा घेतलाय. अजून खोडलेला नाही.