दशमी, गिरणी आणि भागवतदादाचं ताट

गोड वाइनमध्ये मळलेल्या पहिल्या दशमीचा खरा खर्च असा: मुलगा सागर याने नाशिकहून आणलेली अख्खी बाटली, जयमालाचा नवा तवा आणि माझा सख्खा थोरला भाऊ. पीठ घरच्या गिरणीचं, म्हणून ते धरलेलं नाही.

मी, निवृत्ती गोकुळ ठोंबरे, वय बहात्तर, राहणार साखरखेर्डा, डोकं शाबूत आणि कान त्याहून शाबूत असताना, कुणी भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझं जे आहे ते मेहकरच्या बाजारात पोती वाहून मी स्वतः उभं केलं. वडिलोपार्जित फक्त नाक आहे, ते कुणाला देता येत नाही.

१. घर पत्नी जयमाला हिच्या हयातीत तिचं. पुढे सागर आणि मुलगी अनुपमा यांचं निम्मं-निम्मं. बँकेतली ठेव एकट्या अनुपमाची. सागरने तोंड वाकडं करू नये, त्याचं पुढे येतंच आहे.

२. गिरणीतला जुना वजनकाटा शेजारी अर्जुनराव यांस द्यावा. "निवृत्तीची गिरणी पीठ खाते बे," असं ते रांगेत कुजबुजले होते. पट्टा फिरत होता, तरी मी ऐकलं. आता घरी मोजत बसावं.

३. तवा, परात आणि दशमीचा हात सूनबाई पूनम हिला. पाण्याचा थेंब नाही. वाइन कोमट करून त्यात गूळ विरघळवायचा, तुपाचं मोहन घालायचं, जाडसर लाटायची. दशमी दुधातच मळतात हे मलाही ठाऊक आहे. पण गिरणीच्या उद्घाटनाला दूध नासलं, पाहुणे खोळंबले, आणि जयमालाने हाताला लागली ती बाटली परातीत ओतली. पहिलीच दशमी चिकटून करपली आणि नवा तवा कामातून गेला. कुणाच्या दशमीत कुठली वाइन आहे हे मी एका घासात सांगतो. अशी जीभ तालुक्यात दुसरी नाही.

४. गिरणी सागरची, पण एका अटीवर. त्या दिवशी भागवतदादाने चार दशम्या खाल्ल्या आणि मग विचारलं, "काय टाकलं बे यात?" मी खरं सांगितलं. तो माळकरी. "बाटवलं तू मले!" म्हणून जो उठला, तो आजतागायत माझ्या पंगतीला बसलेला नाही. माझ्या तेरवीला त्याने माझ्या घरी जेवावं. त्याच्यासाठी दुधातली दशमी, वेगळ्या तव्यावर. तो जेवेपर्यंत गिरणीचं बटण दाबायचं नाही. सागर म्हणाला, "बाबा, काका आलेच नाहीत तर मी खाऊ काय?" मी म्हटलं, "परात घेऊन त्याच्या दारात बस."

५. पुरवणी. वरचा मजकूर घरात वाचून दाखवला तेव्हा पूनम तोंडाला पदर लावून हसली. "मामाजी, काकाजी तर कवापासून आपल्या घरच्या दशम्या खाऊन राह्यले. मी मनुका भिजवतो, त्याच पाण्यात मळतो अन् डबा पाठवतो."

"तुले कोणं सांगितलं?"

"म्या," जयमाला म्हणाली. "तुमी दोघं भाऊ मरेपर्यंत रुसले असते."

मग सागर जाऊन भागवतदादाला घेऊन आला. त्याने कलम चार चष्मा लावून वाचलं. "काऊन बे निवृत्ती, तू मेल्यावर जेवू मी? मीच आधी गेलो तर? आत्ताच वाढ."

वाढलं. जेवला. सबब कलम चारमधली अट रद्द. गिरणी सागरची, बिनशर्त. साक्षीला दुसरा माणूस शोधावा लागला नाही.

लिहून ठेवणार: निवृत्ती गोकुळ ठोंबरे (सही)
साक्षीदार: १) धम्मरत्न इंगळे, शिक्षक (सही) २) भागवत गोकुळ ठोंबरे (सही, तुपाच्या बोटांनी)
स्थळ: साखरखेर्डा. दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सह्या झाल्यावर कळलेली बाब: आमच्या घरात दोन वर्षांपासून वाइनची बाटली आलेली नाही. माझ्या ताटातली दशमीही मनुकांच्या पाण्याचीच होती.