आर्वोचे बूट

एनो,

मी कामाला गेलेय. माशाचं सूप गरम करून घे. आधी गुडघा शेक, मग पलंगावर पालथा पड आणि पाय गुडघ्यापासून काठाबाहेर सोड. घोट्याला वजन बांधलं की आखडलेला गुडघा आपोआप सरळ होतो, तू जोर लावायचा नाहीस.

वजनाचा पट्टा तू फेकून फाडलास, म्हणून आर्वोचे स्केटिंगचे बूट ठेवलेत. तोंड वाकडं करू नकोस.

तळ्यावरचा बर्फ फुटला तेव्हा आर्वोने, सख्ख्या भावाने, तुझा पाय धरला होता आणि तू तो झटकून एकटाच वर आलास, असं तू झोपेत बरळतोस. मी ऐकलंय.

ते बूट मी माझ्या पायाला बांधून पाहिले. नुसतं ओझं असतं रे. तरीही त्याचा हात वाटलाच, तर पाय ओढून घेऊ नकोस. धरू दे त्याला थोडा वेळ.

आई