कडुलिंबातली जांभळं

ती. अक्कास,

धाकट्या रंगरावाचा तुझ्या पायावर डोकं ठेवून नमस्कार. (पाय म्हणजे चांगला पाय. ऑपरेशनच्या गुडघ्याला मी धक्का लावत नाही.) गुडघा आता वाकतो की अजून नुसता कुरकुरतो, ते कळव. इकडे तुझी भावजय मनकर्णा, सूनबाई शुभांगी आणि म्हैस अशा तिघी खुशाल आहेत. त्यांपैकी म्हैस तेवढी सध्या माझ्याशी नीट वागते. फोनच केला असता, पण आपल्या घरी फोन स्पीकरवर टाकून बोलायची पद्धत पडली आहे आणि ही गोष्ट त्या पद्धतीत बसणारी नाही.

तर जूनमध्ये तू दवाखान्यात पडून होतीस आणि इकडे नाल्याकाठचं आपलं जांभूळ फळांनी वाकून गेलं होतं. जन्मात पहिल्यांदा तुझ्यावाचून जांभळं खाल्ली, ती काही अंगी लागली नाहीत. (खाल्ली मात्र पुष्कळ.) त्या भरात मी फोनवर बोलून गेलो, की अक्का, भाऊबीजेला तुला याच झाडाची जांभळं खाऊ घालीन. तू ते शिरपूरभर करून टाकलंस. परवा बाजारात तुझ्या शेजारच्या गोमतीबाईंनी चार लोकांत विचारलं, "काहो रंगराव, थंडीत जांभळं चारून राह्यले म्हणे बहिणीले?" आता मागं कसं सरायचं, तूच सांग.

शुभांगीनं मोबाइलवर पाहून रीत सांगितली होती. जांभळं धुवायची, फडक्यावर कोरडी करायची, ताटात सुटी पसरून बर्फाच्या कप्प्यात ठेवायची आणि दगडासारखी झाली की मग पिशवीत भरायची. मी म्हटलं, "सूनबाई, पन्नास वर्षं झाली हरभरा साठवून राह्यलो. साठवणं मले नको शिकवू." आणि कोठीत धान्य भरतो तसा बर्फाचा कप्पा भरला. एक थर जांभळं, एक थर कडुलिंबाचा पाला, वर पुन्हा जांभळं, पुन्हा पाला. पाल्यानं हरभऱ्याला वर्षभर कीड लागत नाही, तर जांभळाला दिवाळीपर्यंत काय होतं? (कीड खरंच लागली नाही. बर्फात कीड जगतच नाही, हे शुभांगीनं नंतर सांगितलं. आधी सांगायला तिचं काय गेलं असतं?)

त्यात आपल्या रिठद गावची लाईट. ती गेली की जांभळं अर्धी वितळायची, पाल्याचा रस पिऊन घ्यायची आणि लाईट आली की पुन्हा गोठायची. महिनाभरात सगळ्यांची मिळून एक काळी वीट झाली. वितळलेलं पाणी खालच्या बर्फाच्या साच्यात टपकत होतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. श्रावणात शुभांगीचे वडील, आपले व्याही जगदेवराव आले. तिनं मोठ्या कौतुकानं लिंबाच्या सरबतात तोच बर्फ टाकला. व्याह्यांनी पहिला घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि लेकीचं घर म्हणून ग्लास पुरा केला. "सरबत गुणकारी हाय," एवढं बोलून बस लवकर आहे म्हणून निघाले. (बस संध्याकाळची होती. दुपारभर फाट्यावर बसून होते म्हणे.)

त्या दिवसापासून मनकर्णा म्हणते, "ते खापर काढा बाहीर, मले तिथं वाटाणे ठेवाचे हायत." मी म्हणतो, जांभळं गोड आहेत, तुमच्या जिभा बिघडल्या आहेत. शेवटी असं ठरलं, की निवाडा अक्का करेल. भाऊबीजेला सगळ्यांसमोर तू एक जांभूळ खायचं. गोड म्हणालीस तर कप्पा माझा. तोंड वाकडं केलंस तर फ्रीजला मी जन्मात हात लावायचा नाही आणि पुढच्या वर्षीपासून तुझ्यासाठी जांभळं ठेवायचं नावही काढायचं नाही. मी हो म्हणून बसलो आहे. तू न्यायानं बोलशील, याची मला खात्री आहे.

नातीला, संस्कृतीला आशीर्वाद.

तुझा,
रंगराव

ता. क. : हे संस्कृतीकडून वाचून घेऊ नको, चष्मा लावून सोता वाच. अक्का, जांभळं कडूजहर हायत. मी ताट पुढं करीन तवा मनकर्णा तुह्या तोंडाकडंच पाहून राहीन. तू डोळे मिटून "लय गोड" म्हणजो. लहानपणी माह्यापायी बाबांचा मार खाल्ला तू, त्यापेक्षा हे सोपं हाय.

आणखी एक : तुह्यासाठी बिनपाल्याची जांभळं मी येगळी ठेवली हायत, शुभांगीनं सांगतली तशीच, ताटात सुटी करून. (हे तिले सांगू नको.) डब्यावर 'म्हशीचं औषध' लिहून कप्प्यात पार मागं लपवला, म्हणून कोणी हात लावत नाही. एकदम गोड हायत. चाखल्याबिगर तुले खात्रीनं कसं लिहू, म्हणून रोज एक-दोन चाखतो. डबा काठोकाठ होता, आता बूड दिसून राह्यलं. भाऊबीजेची वाट पाहू नको, पत्र भेटलं की भेटन त्या गाडीनं ये.