एकवीस दंशांचा दाखला

उचगाव,
मंगळवार, जेवणाची सुट्टी

तीर्थस्वरूप आक्कास,

कृष्णाताचा इथूनच वाकून नमस्कार. दाजींचा गुडघा, तुझा बीपी आणि आटलेली म्हैस, तिघंही आता बरी असावीत. खिशात मोबाईल असताना हे पत्र का लिहितोय, असं वाटेल तुला. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि माझं खाजगी दाजी अंगणातून अख्ख्या आजऱ्याला समजावून सांगतात, म्हणून कागद.

आधी गोड बातमी. माझं जमलंय. वय एकोणचाळीस, कामाला लेथ मशीनवर आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरातले साप धरून रानात सोडणार, अशा माणसाला पेठ वडगावची एक शहाणी मुलगी हो म्हणाली आहे. (हो म्हणाली तरी शहाणी कशी, हे लग्नात आल्यावर विचार.) नाव स्नेहल. गेले आठ दिवस मी मशीनसमोर एकटाच हसतोय आणि सुपरवायझर मला लांबूनच बघून जातोय. अडलंय ते तिच्या वडिलांपाशी. पिराजीमामा सरळ माणूस. म्हणाले, "पावणं, तुमी सापात हात घालता. आदी आयुष्याचा इमा काडा, मग सुपारी फोडू." राग यावा असं त्यात काहीच नव्हतं, म्हणून मला जास्तच घाम फुटला.

आपला चुलतभाऊ विश्वजित विम्याची कामं करतो. (त्यानं स्वतःचा विमा काढलेला नाही, ते सोड.) त्यानं फॉर्म भरून घेतला. धोक्याचा छंद काही आहे का, या रकान्यात मी खरं लिहिलं: साप पकडणे, आजवर दंश एक. विश्वजित म्हणाला, कंपनीचा साहेब चौकशीला येईल, गल्लीत चार जणांना सांगून ठेव, तुझ्याबद्दल चांगलं बोलायला. इथंच मी चुकलो, आक्का. आपल्या गल्लीत माणसाबद्दल चांगलं बोलायचं म्हणजे काय करतात, हे मी इथं जन्मूनही विसरलो.

साहेब आला तेव्हा चौकात मंडळाच्या पोरांनी माझा दहा फुटी फ्लेक्स लावलेला होता. गॉगल लावून मी, गळ्यात नाग (तो कॉम्प्युटरवर घातलेला) आणि खाली, 'एकवीस वेळा सर्पदंश पचवणारा उचगावचा ढाण्या वाघ'. साहेबानं चष्मा काढून पुसला. मग चहाच्या गाड्यावर चौकशी केली. गाडेवाला म्हणाला, एकवीस जुना आकडा हाय, तीस तर म्याच मोजल्यात. केस कापणाऱ्यानं त्यात घोणस घातली. बायडाबाई आजींना वाटलं आपण मागं पडतोय, म्हणून त्या काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "ह्येला काय हुतंय? ह्येला चावलेला साप मरतोय की." साहेब ते सगळं लिहून घेत होता. मी मागून हातवारे करून थांबवत होतो, तर तो माझा विनय समजून त्यांनी आणखी पाच वाढवले. एवढ्या प्रेमानं माझा कुणी कधी घात केला नव्हता.

काल कंपनीचं पत्र आलं. प्रकरण अतिजोखमीचं, दंशांची संख्या व प्रकार यांबद्दल खात्रीलायक पुरावा दिल्यास फेरविचार होईल. मी विश्वजितला म्हटलं, न चावल्याचा पुरावा कुठून आणू? तो अजून विचार करतोय. ही मुलगी हातची गेली तर मला दुसरी नको आहे, हे तुला सरळ सांगतो.

बाकी क्षेम. दाजींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
कृष्णात

ता. क. मुद्द्याचं लिहायचं राहिलं. अकरा वर्षांपूर्वी तुमच्या विहिरीवर मला जे चावलं ती दिवड होती, बिनविषारी, आणि मी विषानं नव्हे तर बोटावरचं रक्त बघून पडलो, हे जगात फक्त तुला माहीत आहे. बोटाला बांधलेली पट्टी बघून गल्लीनं नाग चावल्याचं ठरवलं आणि मी गप्प बसलो. तेवढं सगळं स्टँप पेपरवर लिहून सहीनिशी पाठव. अब्रू जाईल, जाऊ दे. दाजींना वाचून दाखवू नकोस.

ता. क. २. पाकीट चिकटवणार एवढ्यात पिराजीमामांचा फोन आला. त्यांच्या न्हाणीत नाग निघालाय. मी विचारलं, आता कुठाय? म्हणाले, "बादलीखाली हाय. स्नेहलनं झाकलाय आन् वर बसलीया. उतर म्हटलं तर म्हनती, येऊ द्या त्यास्नी, त्यांचं काम मला जवळनं बघायचंय." मग हळूच विचारलं, "पावणं, तिचाबी इमा निघंल का वो?"

विश्वजितला दुसरा फॉर्म घेऊन थेट वडगावला यायला सांगितलंय. मी निघालो, आक्का. हसू आवरत नाही. दाखला मात्र हे पत्र मिळताच टाक.